हवामान पाच वेळा विचारलं होतं

३ फेब्रुवारी १९५९ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मेसन सिटीच्या विमानतळावरून चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा विमान उडालं आणि पाचेक मिनिटांत एका शेतात कोसळलं. आत होते बडी होली, वय २२; रिची व्हॅलेन्स, वय १७; आणि जे. पी. रिचर्डसन, वय २८, ज्याला सगळे ‘द बिग बॉपर’ म्हणून ओळखत. तिघेही त्या वेळी रॉक अँड रोल गाजवत होते. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे आले, आणि डॉन मक्लीनच्या १९७१ च्या ‘अमेरिकन पाय’ या गाण्याने ती तारीख जगभर पोहोचवली.

चौथा माणूस विमान चालवत होता. रॉजर पीटरसन, वय २१. त्याचं नाव सहसा शेवटी येतं, आणि आलं तरी ‘अननुभवी पोरगा’ एवढ्यावर विषय संपतो. त्या रात्रीचा घटनाक्रम तासागणिक मांडला की मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. या पोराने हवामान विचारायचं सोडलं नव्हतं. त्याने संध्याकाळपासून पाच वेळा विचारलं. त्याला मिळालेली उत्तरं आणि न मिळालेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत.

२३ जानेवारी ते १ फेब्रुवारी

‘विंटर डान्स पार्टी’ हा दौरा २३ जानेवारीला मिलवॉकीत सुरू झाला. चोवीस दिवसांत चोवीस गावं, तीही ऐन हिवाळ्यात आणि अमेरिकेच्या सर्वांत थंड पट्ट्यात. गावांचा क्रम ठरवणाऱ्याने नकाशा समोर ठेवला होता की नाही, असा प्रश्न पडावा इतका प्रवास उलटसुलट होता. आज पूर्वेला, उद्या पश्चिमेला, परवा पुन्हा आधीच्याच गावावरून. बस जुन्या, त्यांचे हीटर बंद पडणारे. एक बिघडली की दुसरी यायची आणि तीही बिघडायची.

३१ जानेवारीला मिनेसोटातल्या डुलुथचा कार्यक्रम उरकून मंडळी निघाली आणि विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हायवेवर बस बंद पडली. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली. आतल्या लोकांनी ऊब मिळावी म्हणून बसच्या मधल्या वाटेत वर्तमानपत्रं जाळली. होलीचा ड्रमवादक कार्ल बंच याचे पाय हिमदंशाने इतके बिघडले की त्याला मिशिगनमधल्या आयर्नवुडच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. १ तारखेचा दुपारचा कार्यक्रम रद्द झाला, रात्रीचा मात्र ग्रीन बेमध्ये झाला. तिथून पुन्हा बस, आता आयोवातल्या क्लिअर लेककडे. तो कार्यक्रम मुळात वेळापत्रकात नव्हता. २ फेब्रुवारीची रात्र मोकळी दिसली म्हणून आयोजकांनी सर्फ बॉलरूमचा व्यवस्थापक कॅरल अँडरसन याला विचारलं, आणि तो हो म्हणाला.

होलीने विमान का केलं, याचं उत्तर या दहा दिवसांत आहे. त्याला चैन सुचली नव्हती. पुढचा मुक्काम मिनेसोटातलं मूरहेड, साडेतीनशे मैलांच्या वर. मूरहेडपासून रेड नदी ओलांडली की नॉर्थ डकोटातलं फार्गो लागतं आणि तिथे विमानतळ आहे. रात्रीच तिथे पोहोचलं तर बिछान्यात झोप मिळेल आणि साचलेले कपडे धुऊन होतील, एवढाच त्याचा हिशेब होता.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

अँडरसनच्या मध्यस्थीने ड्वायर फ्लाइंग सर्व्हिस या स्थानिक कंपनीचं विमान ठरलं. माणशी भाडं ३६ डॉलर. पीटरसन या कंपनीत वर्षभर नोकरीला होता, चार्टर विमानं चालवायचा आणि उड्डाण शिकवायचाही.

साडेपाचच्या सुमारास तो विमानतळाच्या इमारतीवरच्या मनोऱ्यात गेला. तिथे वैमानिकांना हवामान सांगणारं केंद्र होतं. पहिली विचारणा. उत्तर चांगलं मिळालं: मेसन सिटीपासून फार्गोच्या वाटेवरच्या सगळ्या ठाण्यांवर ढगांचा तळ ५,००० फूट किंवा त्याहून वर, दृश्यमानता १० मैलांच्या वर. फार्गोला रात्री दोननंतर हलका बर्फ पडू शकेल आणि थंड हवेची आघाडी पहाटे चारच्या सुमारास तिथून सरकेल.

पीटरसनच्या गाठीला ७११ तासांचं उड्डाण होतं, त्यातले १२८ तास बोनान्झाचे. २१ व्या वर्षी हे कमी नव्हे. पण वैमानिकांचे दोन वर्ग असतात. एक वर्ग बाहेर बघून विमान चालवतो: जमीन, दिवे, क्षितिज. दुसऱ्याला बाहेर काहीही दिसत नसताना फक्त समोरच्या यंत्रांवर विमान चालवण्याचा परवाना असतो. पीटरसन पहिल्या वर्गातला. यंत्रांवरच्या उड्डाणाचं ५२ तासांचं शिक्षण त्याने घेतलं होतं, लेखी परीक्षाही दिली आणि पास झाला, पण मार्च १९५८ मधल्या प्रत्यक्ष उड्डाण चाचणीत नापास झाला. त्याच्या कंपनीच्या परवान्यातही तीच मर्यादा होती. दिवसा किंवा रात्री उडा, पण बाहेर दिसत असेल तरच.

म्हणजे ढगांचा तळ किती फुटांवर आहे, हा प्रश्न त्याच्यासाठी सोयीगैरसोयीचा नव्हता. सगळं उड्डाण त्या एका आकड्यावर उभं होतं.

रात्री, सर्फ बॉलरूम

हजाराच्या वर पोरंपोरी नाचायला आलेली. बंच रुग्णालयात असल्यामुळे ड्रमवर गायकच एकमेकांसाठी बसत होते. ‘पेगी सू’ गाणारा होली स्वतः दुसऱ्याच्या गाण्याला ताल धरतोय, असं दृश्य त्या रात्री लोकांनी पाहिलं.

विमानात वैमानिक सोडून तीन जागा. त्या होली आणि त्याचे दोन वादक, वेलन जेनिंग्ज आणि टॉमी ऑलसप, यांच्यासाठी होत्या. रिचर्डसनला फ्लू झाला होता. अंगाने भरदार माणूस, बसच्या अरुंद बाकावर त्याला धड बसताही येत नव्हतं. त्याने जेनिंग्जकडे जागा मागितली आणि जेनिंग्जने दिली. हे कळल्यावर होलीने गमतीत त्याला तुझी बस पुन्हा गोठू दे म्हटलं, आणि जेनिंग्जने तितक्याच गमतीत तुझं विमान पडू दे असं उत्तर दिलं. दोन तरुण मित्रांची थट्टा. जेनिंग्ज पुढे स्वतः मोठा गायक झाला, २००२ पर्यंत जगला आणि त्या एका वाक्याचं ओझं त्याने वर्षानुवर्षं वाहिलं.

रिची व्हॅलेन्स जागेसाठी ऑलसपच्या मागे लागला होता. ऑलसप नाही म्हणत होता. शेवटी नाणं उडवलं गेलं आणि व्हॅलेन्स जिंकला. ऑलसपने आपलं पैशांचं पाकीट होलीकडे दिलं, कारण फार्गोच्या पोस्टात त्याच्या नावाचं एक रजिस्टर पत्र होतं आणि ओळख पटवायला कागद लागणार होते.

या नाण्याची गोष्ट लोकांना फार आवडते. सतरा वर्षांचा पोरगा, एक नाणं, नशिबाचा फेरा. मला मात्र ती सांगताना कसंतरी होतं, कारण नशिबावर बोट ठेवलं की बाकीच्या बोटांना काम उरत नाही. विमानात कोण बसणार हे नाण्याने ठरवलं. विमान उडणार की नाही, याचा निकाल दुसरीकडे लागत होता.

रात्री १०

पीटरसनने केंद्राला फोन केला. दुसरी विचारणा.

रात्री साडेअकराच्या सुमारास

तिसरी विचारणा. आता वाटेवरच्या ठाण्यांवर ढगांचा तळ ४,२०० फूट किंवा वर. दृश्यमानता अजून १० मैल. मिनिआपोलिसला हलका बर्फ सुरू. मेसन सिटीत ढगांचा तळ ६,००० फूट, दृश्यमानता १५ मैलांच्या वर, दक्षिणेचा वारा २५ ते ३२ नॉट, वायुदाब २९.९६ इंच. आणि फार्गोला पहाटे चारला येणारी थंड आघाडी आता दोनला येणार.

हा शेवटचा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उड्डाण साधारण दोन तासांचं. एकच्या सुमारास निघालं तर तीनच्या आसपास पोहोचणार. आघाडी चारला असती तर विमान तिच्या आधी उतरलं असतं. दोनला असेल तर विमानाला तिच्यातूनच जावं लागणार. आकडा दोन तासांनी हलला आणि बेताचा पायाच निसटला. पण ऐकताना ते ‘थोडं लवकर येतंय’ असंच वाटलं असणार.

रात्री ११.३५

अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मिनिआपोलिस कार्यालयाने वैमानिकांसाठी तातडीचा इशारा काढला. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या वायव्य टोकापासून दक्षिणेकडे सुमारे १०० मैल रुंदीचा बर्फाचा पट्टा, त्यात दृश्यमानता बहुतेक ठिकाणी दोन मैलांच्या आत, आणि हा पट्टा २५ नॉट वेगाने आग्नेयेला सरकतोय. आघाडीमागचा वारा ४५ नॉटपर्यंतचे झोत घेऊन येतोय.

आग्नेयेला, म्हणजे मेसन सिटीच्या दिशेने. पीटरसन निघणार होता वायव्येला. दोघे समोरासमोर येत होते.

पीटरसनला लागणारं उत्तर या इशाऱ्यात होतं. ठाण्याठाण्यांवरचे आकडे ‘आत्ता इथे काय आहे’ एवढंच सांगतात. ते वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी घेतलेले असतात आणि प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर ठीकच दिसतो. त्यांची गोळाबेरीज करून काय चाल करून येतंय हे सांगणं, हे काम इशाऱ्याचं.

रात्री ११.५५

पीटरसन पुन्हा मनोऱ्यात आला. चौथी विचारणा. या वेळी सोबत विमानाचा मालक ह्यूबर्ट ड्वायर होता, तोही परवानाधारक व्यावसायिक वैमानिक. मेसन सिटीचा ढगांचा तळ आता ५,००० फुटांवर उतरलेला, हलका बर्फ पडायला लागलेला, वायुदाब २९.९० इंच.

इशारा निघून वीस मिनिटं झाली होती. दोन वैमानिक केंद्रात उभे राहून हवामान विचारत होते. त्यांना तो सांगितला गेला नाही. नंतर चौकशीत केंद्रातल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणालाही, हा इशारा पीटरसनच्या नजरेस आणल्याचं आठवेना. यंत्रांवर उडावं लागेल असं हवामान वाटेत आहे, असं आपल्याला कुणी सूचितही केलं नाही, असं ड्वायरने सांगितलं.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. केंद्रातला माणूस दुष्ट नव्हता, बेफिकीरही नसावा. विचारलं तेवढं त्याने बरोबर सांगितलं, आणि नेमकं तेवढंच सांगितलं. रात्रपाळीला समोरच्या कागदावरचे आकडे वाचून दाखवणं हे काम झालं असं मानणारी माणसं प्रत्येक खात्यात असतात. पण समोरचा पोरगा सहा तासांत चौथ्यांदा तोच प्रश्न घेऊन आलाय. त्याच्या मनात काहीतरी खुटखुटतंय, त्याशिवाय कोणी मध्यरात्री जिने चढून येत नाही. असा माणूस समोर आला की विचारलं नाही तेही सांगायचं असतं.

रात्री १२.१५

दुसरा इशारा, कॅन्सस सिटीच्या कार्यालयातून. यात आयोवाच्या बहुतांश भागाचं नाव होतं. १०,००० फुटांखालच्या ढगांत विमानावर बर्फाचा थर चढण्याचा धोका, पहाटे सव्वापाचपर्यंत. उड्डाणाला चाळीस मिनिटं होती. हाही पीटरसनपर्यंत गेला नाही.

रात्री १२.४०

अँडरसनने आपल्या गाडीतून तिघांना विमानतळावर आणून सोडलं. सामान विमानात चढलं. बोनान्झा १९४७ ची बांधणी, पण इंजिनाची मोठी दुरुस्ती होऊन जेमतेम ४० तास झालेले, म्हणजे उत्तम स्थितीत. स्वयंचलित चालक बसवलेला होता, तो अजून चालू झालेला नव्हता. यंत्रांच्या फलकावर स्पेरी एफ-३ नावाचं एक उपकरण होतं. त्याच्याबद्दल पुढे.

उड्डाणाचा आराखडा हवेत गेल्यावर रेडिओवरून देतो, असं पीटरसनने ड्वायरला सांगितलं.

विमान १७ क्रमांकाच्या धावपट्टीच्या टोकाकडे जात असताना त्याने रेडिओवर पुन्हा हवामान विचारलं. पाचवी विचारणा. वाटेत फारसा बदल नाही, असं उत्तर आलं. पण इथे, मेसन सिटीत: ढगांचा तळ ३,००० फूट, आकाश पूर्ण झाकलेलं, दृश्यमानता ६ मैल, हलका बर्फ, वारा २० नॉट आणि झोत ३० पर्यंत, वायुदाब २९.८५.

सुमारे दीड तासात सहा हजाराचे तीन हजार. पंधरा मैलांचे सहा. वायुदाबाचा काटा प्रत्येक वेळी खाली. हे आकडे त्याच्या कानावर पडले होते, आणि इथे पीटरसनचीही जबाबदारी आहे. ती मी नाकारत नाही. इशारा मिळाला नाही तरी उतरंड त्याला ऐकू येत होती. पण नियमाच्या चौकटीत तीन हजार फूट आणि सहा मैल अजून ‘उडण्याजोगं’ होतं. इंजिन चालू, तीन प्रसिद्ध माणसं पट्टे बांधून बसलेली, मालक मनोऱ्यावर उभा. एकविसाव्या वर्षी, या क्षणी, विमान वळवून परत आणणं किती अवघड असतं, हे ज्याने कधी गिऱ्हाइकापुढे ‘नाही’ म्हणायचा प्रयत्न केलाय त्याला कळेल.

रात्री १२.५५

उड्डाण व्यवस्थित झालं. विमान डावीकडे वळलं, सुमारे ८०० फुटांवर चढलं, विमानतळाच्या पूर्वेकडून गेलं आणि वायव्येला लागलं. मनोऱ्याबाहेरच्या सज्जातून ड्वायर त्याच्या शेपटाकडचा दिवा पाहत होता.

आत काय दिसत असेल? आकाश ढगांनी बंद. समोर पडता बर्फ. खाली आयोवाची शेतं, बर्फाने झाकलेली, वस्ती तुरळक, दिवे जवळपास नाहीत. आकाश आणि जमीन यांच्यातली रेघच नाहीशी. विमान ढगात शिरलं की नाही, हा प्रश्न अशा रात्री गौण ठरतो. बाहेर बघून विमान सरळ आहे की कललंय हे कळण्याचा मार्ग बंद झाला की ते ढगात शिरण्यासारखंच. चौकशी मंडळानेही पुढे लिहिलं की अशा रात्री विमान केवळ यंत्रांवर चालवावं लागणार हे जवळजवळ निश्चित होतं.

आंबोलीच्या घाटात धुकं उतरलं तर गाडी कडेला घेऊन थांबता येतं. विमानाला थांबायची सोय नाही, आणि दिसेनासं झाल्यावर वैमानिकाचा पहिला शत्रू त्याचाच कान असतो. तोल सांभाळणारं इंद्रिय आतल्या कानात असतं आणि ते फक्त बदल टिपतं. विमान अगदी हळूहळू कललं तर कानाला पत्ता लागत नाही, शरीर सांगत राहतं की सगळं सरळ आहे. कललेलं विमान नाक खाली घालतं, वेग वाढतो. वैमानिक नाक उचलायला दांडा ओढतो, पण पंख तिरपे असल्यामुळे विमान वर न चढता वळण आणखी घट्ट करतं. खाली, गोल, अधिक वेगाने.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने यावर प्रयोग केला होता. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिलं. वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. प्रयोगाचं विमान बीचक्राफ्ट बोनान्झाच होतं. पीटरसनचं उड्डाण होण्याच्या पाच वर्षं आधी हे माहीत झालेलं होतं. आणि हे जुनं दुखणं म्हणावं तर २९ मे २०२२ ला नेपाळात पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर ढगांत शिरून डोंगरावर आदळलं आणि २२ जण गेले. त्यात ठाण्यातल्या एका कुटुंबातले चौघे होते. ते विमान ताब्यात असताना आदळलं, तपशील वेगळा, पण सुरुवात तीच: समोर काही दिसेनासं झालं.

रात्री १ च्या सुमारास

विमान पाचेक मैलांवर असताना दिवा हळूहळू खाली जाऊन दिसेनासा झाल्याचं ड्वायरने पाहिलं. आराखडा रेडिओवर आला नाही. ड्वायरच्या सांगण्यावरून केंद्रातला माणूस पुन्हा पुन्हा हाक देत राहिला. उत्तर नाही.

आता त्या स्पेरी एफ-३ बद्दल. पीटरसन ज्या विमानांवर यंत्रउड्डाण शिकला, त्या सगळ्यांत नेहमीचं कृत्रिम क्षितिज होतं. एक आडवी रेघ म्हणजे क्षितिज आणि तिच्यापुढे छोटंसं विमान. आपण आपल्या विमानाकडे मागून पाहतोय असं ते चित्र. नाक वर केलं की छोटं विमान रेघेच्या वर दिसतं, खाली केलं की खाली. स्पेरी एफ-३ मध्ये रेघेऐवजी फिरता गोल असतो, आणि नाक वर-खाली झाल्याचं चित्र नेहमीच्या उपकरणाच्या बरोब्बर उलटं दिसतं. सवय असलेल्याला ते बिनचूक. सवय नसलेल्याला, घाई आणि भीतीच्या क्षणी, खाली जाणारं विमान वर चढतंय असं वाटायला लावणारं.

त्यात त्या रात्रीचा झोताझोताचा वारा. चढ-उताराचा वेग आणि वळण दाखवणाऱ्या उपकरणांचे काटे अशा हवेत इतके हलतात की वाचणं कठीण होतं. मग हाताशी उरतं हेच एक उपकरण, ज्याची भाषा त्याच्या सवयीच्या उलटी. मंडळाचा निष्कर्ष असा की पीटरसनला आपण वळत वळत वर चढतोय असं वाटलं असावं, प्रत्यक्षात तो वळत वळत उतरत होता. आदळताना नाक थोडंसंच खाली होतं, म्हणजे विमान अजून हाताळलं जात होतं. त्याने दांडा सोडलेला नव्हता. जे दिसत होतं त्यावर विश्वास ठेवून तो विमान चालवत होता.

सकाळी ९.३५

ड्वायर सकाळी स्वतः दुसरं विमान घेऊन पीटरसनच्या वाटेने निघाला आणि त्यालाच ते दिसलं. सपाट शेत, चार इंच बर्फ. उजव्या पंखाचं टोक आधी जमिनीला लागलेलं, तिथून अवशेष ५४० फुटांपर्यंत विखुरलेले, आणि मुख्य सांगाडा काटेरी तारेच्या कुंपणाला अडकलेला. तिन्ही गायक बाहेर फेकले गेले होते. पीटरसन आतच होता. आग लागली नव्हती. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं.

फलकावरचे काटे आदळल्या क्षणी अडकून राहिले होते. वेग ताशी १६५ ते १७० मैल. उतरण्याचा वेग मिनिटाला ३,००० फूट. एफ-३ मध्ये उजवीकडे ९० अंशांचा कल आणि नाक खाली. रेडिओ मेसन सिटीच्या लहरीवर लावलेला होता.

ऑलसपचं पाकीट सापडल्यामुळे मृतांत तोही आहे की काय, असा सुरुवातीला घोळ झाला. ओळख पटवण्यासाठी अँडरसनला बोलावलं गेलं, ज्याने रात्रीच त्यांना गाडीतून आणलं होतं. न्यूयॉर्कमध्ये होलीची बायको मारिया एलेना गरोदर होती. तिला ही बातमी टीव्हीवरून कळली आणि पुढे तिचा गर्भपात झाला. रिचर्डसनचा मुलगा बाप गेल्यानंतर जन्मला.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

बस मूरहेडला पोहोचली होती. कार्यक्रम रद्द झाला नाही. गायक कमी पडले म्हणून स्थानिक पोरांना हाक दिली गेली, आणि फार्गोच्या एका शाळकरी बँडने रंगमंच घेतला. त्यात पंधरा वर्षांचा बॉबी व्ही होता. त्याची कारकीर्द त्या रात्री सुरू झाली. जेनिंग्ज आणि ऑलसपही त्या रात्री उभे राहिले, आणि दौरा पुढे आणखी जवळजवळ दोन आठवडे चालवला गेला. दुखवट्याला एक दिवस कोणी दिला नाही.

सप्टेंबर १९५९

नागरी विमान वाहतूक मंडळाचा अहवाल आला. मुख्य कारण: केवळ यंत्रांवर उडावं लागेल अशा उड्डाणावर, त्याचा परवाना आणि पात्रता नसताना, निघण्याचा वैमानिकाचा अविचारी निर्णय. त्याखाली हातभार लावणाऱ्या गोष्टी दोन: हवामानाच्या माहितीतल्या गंभीर त्रुटी, आणि विमानाची स्थिती दाखवणाऱ्या उपकरणाची वैमानिकाला नसलेली सवय.

अहवाल प्रामाणिक आहे. त्याने इशाऱ्यांची गोष्ट लपवली नाही; आज आपल्याला ती माहीत आहे ती त्याच्यामुळेच. तरी या क्रमाशी माझं भांडण आहे. निर्णय माहितीवर होतो. माहिती अर्धी देऊन निर्णयाला अविचारी म्हणायचं आणि अर्ध्या माहितीला फक्त ‘हातभार’, हे मला पटत नाही. ११.५५ ला मनोऱ्यात दोन वैमानिक उभे होते. मिनिआपोलिसचा इशारा त्यांना वाचून दाखवला असता तर अनुभवी ड्वायरने ते विमान सोडलं असतं, असं मी मानत नाही. एका माणसाने एक कागद उचलून मोठ्याने वाचायचा होता. त्याला पीटरसनइतकं शिक्षण लागत नव्हतं, धाडस तर अजिबात नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे ही चौकशी पुन्हा उघडण्याची मागणी गेली. मागणी करणाऱ्याचा तर्क विमानाच्या वजनाबद्दल, इंधनाबद्दल आणि सुकाणूबद्दल होता. मंडळाने ती फेटाळली. पीटरसनच्या नावापुढचा १९५९ चा निष्कर्ष आहे तसाच आहे.